आमचे वकीलसाहेब

४ जानेवारी
विकत घ्यायचं घर पसंत. तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात भरपूर ऊन. बायको म्हणाली, कागद आधी वकिलाला दाखवा. हो म्हणालो. पण अठ्ठावीस वर्षं ऑफिसात रेकॉर्ड सांभाळलेल्या माणसाने कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे? उद्या आचाऱ्याने खाणावळीत जेवायला जावं!

६ जानेवारी
कागद स्वतः तपासले. शिक्के ठळक, पानं क्रमाने, प्रत्येक पानावर घरमालकाची सही. अशी फाइल हल्ली बघायला मिळत नाही.
बायकोने विचारलं, वकील काय म्हणाले? तोंडातून निघून गेलं, बिनधास्त घ्या म्हणाले. आता परवा खरंच एखादा वकील गाठायचा, म्हणजे मागचं खोटंही खरं होईल.

८ जानेवारी
गेलो होतो. बाकावर सातजण. परत आलो.

१३ जानेवारी
बायको वकीलसाहेबांवर खूश. पडद्यांचा रंगही त्यांना विचारायला लावला. त्यांनी निळा सुचवला. (पिवळा मला आवडत नाही.) आता त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय. अंगाने कसे आहेत, विचारत होती. माझ्याएवढेच म्हणालो. निदान स्वेटर वाया जायला नको.
जेवण गेलं नाही. अपचन असावं.

२० जानेवारी
खरेदी झाली. बायकोने वर्षानुवर्षं शाळेत घसा फोडून साठवलेलं सगळं त्यात गेलं. सही करताना तिने विचारलं, वकीलसाहेब आले नाहीत? म्हणालो, तब्येत बरी नाही. तिला वाईट वाटलं. मला जरा जास्तच.

२७ जानेवारी, दुपारी
भाड्याची जागा सोडली. टेम्पो घेऊन नव्या घरी पोचलो, तर दाराला भलतंच कुलूप. समोर खुर्ची टाकून घरमालकाची थोरली बहीण. म्हणाली, घर आमच्या वडिलांचं, त्यात अर्धा वाटा माझा, मला कोणी विचारलं? माझ्याच फाइलचं पाचवं पान तिने उघडून दाखवलं. वारस दोन.
त्या पानाचा शिक्का मी तपासला होता.
घरमालकाचा फोन बंद.

२८ जानेवारी
आपल्या वकिलांकडे जाऊ, म्हणायची माझी तयारी नव्हती. सुदैवाने बायकोच म्हणाली, त्या मेल्याचं तोंड बघायचं नाही. दुसरा गाठला. तो म्हणाला, आता वर्षं लागतील. कोणत्याही वकिलाने अर्ध्या तासात हे पकडलं असतं. बायको म्हणाली, बघा की हो! मी बघितलं. जमिनीकडे.

३० जानेवारी
सामान मेव्हण्याच्या व्हरांड्यात. ठरवलं, आज सांगायचंच. चहा झाल्यावर घसा साफ करून म्हटलं, अगं, ते वकील...
ती रडायलाच लागली. म्हणाली, चूक माझीच. मीच वकील वकील करत तुमच्या मागे लागले. तुम्ही स्वतः कागद वाचले असते, तर असं झालंच नसतं.
मी म्हणालो, असू दे. तू मनाला लावून घेऊ नकोस.