मी ऐकले होते: धम्मानंद पाईकराव याचे मृत्युपत्र

लिहून ठेवणार मी, धम्मानंद जळबा पाईकराव, वय वर्षे ३७, धंदा लढणे, राहणार डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली (मी जन्मलो तेव्हा जिल्हा परभणी होता). आज सोमवार, दिनांक २ मार्च २००९ रोजी हे लिहायला बसलो आहे. माझे डोके ताळ्यावर आहे. हे वाक्य घालावेच लागते, असे विश्वंभर गुरुजींनी सांगितले. गुरुजी मला चौथीपर्यंत शिकवायला होते, आता निवृत्त आहेत आणि गावातल्या अर्ध्या लोकांचे कागद तेच तपासतात. ज्याने नऊ वर्षे डोक्यावर ठोसे खाल्ले त्याचे डोके ताळ्यावर आहे हे कोर्टाला खरे वाटणार नाही, म्हणून पुरावा देतो. माझ्या सतरा लढतींच्या तारखा मला पाठ आहेत. अकरा जिंकलो, सहा हरलो. कोणीही विचारून पाहावे.

मला कोणी धाकदपटशा केलेला नाही. माझी बायको करुणा हिने मात्र अट घातली आहे. अठरा एप्रिलला बँकॉकमध्ये माझी लढत ठरली आहे. नांदेडचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले की डाव्या डोळ्याचा पडदा एकदा शिवून झाला आहे, आणखी एक ठोसा बसला तर डोळा गेलाच समजा, आणि डोक्याच्या फोटोत जे दिसते ते डोळ्याहून वाईट आहे. करुणा दवाखान्यात नर्स आहे, तिला ते सगळे कळले. ती रडली नाही. म्हणाली, "जायचं तं जा. पण आधी मृत्युपत्र लिहा. मागं लोकांनी मला विचारू नये."

कलम १. डोंगरकडा येथील राहते घर, पुढची स्लॅबची खोली आणि मागच्या पत्र्याच्या दोन खोल्या, करुणा हिच्या नावे. माझी आई जनकाबाई हिने हयात असेतो मागच्या खोलीतच राहावे, कारण तिला स्लॅब आवडत नाही. "पत्रा वाजला की पाऊस कळतो," असे ती म्हणते. तिचे म्हणणे मोडू नये. स्लॅबची खोली मी २००३ साली बँकॉकच्या पहिल्या लढतीनंतर बांधली. त्या खोलीत मी पाच मिनिटांवर बसत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. का बसत नाही, ते पुढे येईल.

कलम २. चौदा मॅट, ठोसे मारायची एक लटकती थैली, दातांवर घालायची दोन कवचे (ती फेकून द्यावीत), बोटे उघडी असलेले हातमोजे तीन जोड. विहारामागच्या शेडमध्ये मी दोन वर्षांपासून क्लास घेतो. तो करुणाने चालू ठेवावा आणि मुलींचा क्लास आधी, मुलांचा नंतर, ही वेळ बदलू नये. माझी लेक शीतल अकरा वर्षांची आहे. तिला शिकायचे असेल तर शिकू द्यावे. पिंजऱ्यात उतरायचे असेल तर तिने आधी कलम सहा वाचावे.

पिंजरा म्हणजे काय, हे गुरुजींनी विचारले म्हणून लिहितो. जाळीचे कुंपण घातलेली आठ कोनांची जागा. त्यात दोन माणसे. ठोसा, लाथ, कुस्ती, जुदो, सगळे चालते. इंग्रजीत त्याला मिक्स मार्शल आर्ट म्हणतात. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी भांडण." मी म्हणालो, "भांडणच, पण पंच असतो."

कलम ३. माझी मान. ही कोणाला देता येत नाही, तरी लिहितो. माझे वडील जळबा केळीच्या ट्रकांवर हमाल होते. दहाव्या वर्षापासून मीही त्यांच्या मागे घड वाहिले. तालमीत मला घेतले नाही, तेव्हा मान घडांनीच कमावली. परदेशात लोक विचारायचे की मानेचा व्यायाम कोणता करतोस. मी "बनाना" म्हणायचो, त्यांना गंमत वाटायची. माझ्या अंगात जे काही आहे ते जळबा पाईकरावांचे आहे, असे जलदान विधीच्या दिवशी कोणीतरी मोठ्याने सांगावे.

(उठून शेताच्या बांधापर्यंत जाऊन आलो. मला सलग बसवत नाही. पुढचे ४ मार्चला लिहितो आहे.)

कलम ४. १९९२ साली एका जत्रेत मी शेवटची कुस्ती मारली. गावाचे नाव लिहीत नाही, त्यांना ते माहीत आहे. पंचांनी मानाचा नारळ माझ्याकडे लांबून फेकला. हातात दिला नाही. मी तो झेलला, कारण खाली पडू दिला असता तर ते हसले असते. त्या जत्रेच्या कमिटीतले लोक आता माझ्या नावाचे बॅनर लावतात. मी मेल्यावर ते हार घेऊन येतील. येऊ द्यावे. हार फेकू नये, वाकून ठेवावा, एवढे त्यांना सांगावे. पेपरवाल्यांनी मला "हिंगोलीचा वाघ" म्हणू नये. वाघाला पासपोर्ट लागत नाही आणि रांगेत उभे राहावे लागत नाही.

कलम ५. बँकेत जे असेल ते करुणा आणि शीतल यांचे, निम्मे निम्मे. यात सांगण्यासारखे काही नाही.

(हे लिहून सहा दिवस कागद तसाच ठेवला. रोज पहाटे वारंगा फाट्याच्या रस्त्याने पळत जातो आणि फाटा दिसला की मागे वळतो. आज १० मार्च.)

कलम ६. वारंगा फाटा येथे हमरस्त्याला लागून माझा सहाशे फुटांचा प्लॉट आहे. तो थावरा धर्मसिंग राठोड याला द्यावा. थावरा मूळचा सेनगाव तालुक्यातला, गोरेगावजवळच्या तांड्यावरचा. सध्या फाट्यावर भाड्याच्या टपरीत चहाचे हॉटेल चालवतो. त्याचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही. तो हात मी मोडला आहे. तो खेळात मोडला, पंचाला दिसले नाही, मला ऐकू आले नाही, असे मी सहा वर्षे सगळ्यांना सांगत आलो. थावराला, करुणाला, पेपरवाल्यांना. ते खोटे आहे. आता खरे लिहितो.

गोरेगावच्या कुस्त्यांच्या दंगलीत १९९१ साली आमची जोड लागली आणि बरोबरीत सुटली. तिथून आमची दोस्ती. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. १९९४ ला दोघे पुण्याला गेलो, वॉचमन लागलो, एकाच क्लासात जुदो आणि ठोसेबाजी शिकलो. त्याचे पाय माझ्याहून चपळ होते, आणि जमिनीवरचे निम्मे डाव मला त्यानेच शिकवले. १९९९ ला दोघे दुबईला सिक्युरिटीत गेलो. एक खोली, एक स्टोव्ह. ज्वारीचे पीठ मिळाले की भाकरी तोच थापायचा, माझ्या भाकरीला चिरा पडायच्या. पुढच्या वर्षी एका जिमच्या मालकाने आम्हाला पिंजऱ्यात उतरवले.

२००३ च्या जानेवारीत मालक म्हणाला, पुढच्या लढतीत तुम्ही दोघे एकमेकांसमोर. जिंकेल तो बँकॉकला जाईल, हरेल त्याने भारताचे तिकीट काढावे. आम्ही खोलीवर बसून ठरवले की तिन्ही फेऱ्या खेळून काढायच्या, कोणी कोणाला मोडायचे नाही, निकाल पंचांवर सोडायचा. थावराने भाकरी मोडून अर्धी माझ्या ताटात टाकली. एवढाच आमचा करार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुसऱ्या फेरीत थावराचा एक ठोसा माझ्या नाकावर असा बसला की डोळ्यांपुढे पांढरे झाले. लोक हसले. मला वाटले, याने करार मोडला, याला बँकॉक पाहिजे. मी त्याला खाली घेतला, त्याचा उजवा हात दोन मांड्यांत धरला आणि कोपर उलट्या बाजूला ताणले. या खेळात हार मानायची तर मोकळ्या हाताने समोरच्याला थोपटायचे असते. मग हात सोडायचाच, हा नियम आहे. पंच पलीकडच्या बाजूला होता. थावराने माझ्या मांडीवर तीनदा थोपटले. मग म्हणाला, "दादा." त्या हॉलात मराठी समजणारा दुसरा माणूस नव्हता. मला कळले. मी ऐकले. आणि मी कंबर वर उचलली.

आवाज कसा झाला ते लिहीत नाही.

मी बँकॉकला गेलो. स्लॅब टाकला. पुढे तिथे आणि जकार्त्यात जिंकलो, नाव झाले. थावरा गावी आला. २००६ ला मी परत आलो, तेव्हापासून दर आठवड्याला त्याच्या हॉटेलात जातो, चहा पितो, आणि न बोलता उठतो.

कलम ७. माझा अंत्यविधी त्रिशरण पंचशील घेऊन साधा करावा. बँकॉकमध्ये मेलो तर प्रेत आणण्याचा खटाटोप करू नये. करुणाला वाटले तर करावा.

(इथे मी सही करणार होतो. १९ मार्चला करुणाला वाचून दाखवले. कलम सहा संपले तेव्हा तिच्या हातात शीतलची वेणी होती. तिने वेणी पुरी घातली, पोरीला बाहेर पाठवले आणि मग म्हणाली, "हे मेल्यावर त्याला वाचायला लावून राहिले का तुमी? त्यो कोणाला काय विचारंल मंग? जित्तेपणी जा अन् वाचून दाखवा." मी म्हणालो, बँकॉकहून आल्यावर. ती म्हणाली, "तुमी तिकडून यायचा इचारच करून न्हाई राहिले. मला काय समजत न्हाई व्हय?")

आज रविवार, २२ मार्च २००९. हे पुढचे वारंगा फाट्यावर, थावराच्या हॉटेलातल्या बाकावर बसून लिहितो आहे. डाव्या डोळ्यामुळे मी गाडी चालवत नाही. गुरुजींनी स्कूटरवर आणले. दुपारची वेळ, दोन ट्रक उभे. थावरा चहा गाळत होता, त्याची बायको अनुसयाबाई भजी तळत होती. मी म्हणालो, "काही वाचून दाखवायचं हाये." तो म्हणाला, "वाच की."

मी उभा राहून कलम सहा वाचले. ट्रकवाले गेले तरी तो गाळतच होता.

"झालं वाचून?"

"झालं."

"मला म्हाईत हाये."

"काय म्हाईत हाये?"

"तू ऐकलं ते. मी दादा म्हणालो तवा तुझी मांडी जराशी ढिली पडली. मंग आवळली."

"मंग सहा वर्सं काहून बोलला न्हाईस?"

"मी काहून बोलू? बोलायचं तुला व्हतं." मग तोच म्हणाला, "ठोसा मी बी ठरल्यापरीस जोरात मारला व्हता. मलाबी बँकॉक पाहिजेच व्हतं. पण मी सोडला असता, दादा. तू थोपटलं असतं तं मी सोडला असता."

अनुसयाबाईला हे काही माहीत नव्हते. तिने माझ्यापुढचा चहाचा ग्लास उचलला आणि रस्त्यावर ओतला. "तीन वर्सं माह्या हातचा चहा पिऊन राहिला ह्यो मानूस," ती म्हणाली. "हप्त्याला येऊन राहिला. मी भावजी भावजी करून राहिले." थावरा तिला गप्प करायला निघाला, मी त्याला थांबवले. ती बोलली त्यातले एकही अक्षर खोटे नव्हते.

नंतर थावराने विचारले, "बँकॉकला कवा जाऊन राहिला?"

"येत्या महिन्यात."

"डोळा असा असतानी? जिंकाया न्हाई चालला तू. मार खाया चालला." त्याने गाळणे खाली ठेवले. "तुझा डोळा फुटल्यानं माझं कोपर सरळ व्हत न्हाई. तुला मार खायाचा असंल तं तुझ्यासाठी खा. माझं नाव त्यात घालू नको."

गुरुजी म्हणाले, साक्षीदार पाहिजेत, दोन. एक ते स्वतः होतील. दुसरा कोण? थावरा म्हणाला, "मी." गुरुजींनी समजावले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष घालू नये, घातली तर त्याचे मिळणे रद्द होते. थावराने विचार करायला वेळ घेतला नाही. "मंग प्लॉट काटा," तो म्हणाला. "मला जागा नको. ह्या कागदावर साक्षीदार म्हणून मीच पाहिजे. त्या दिवशी कोणी साक्षीदार नव्हता."

अनुसयाबाई आतून म्हणाली, "प्लॉट काहून काटता? भाडं काय तुमचा दादा भरतो?" थावरा तिच्याकडे पाहून म्हणाला, "म्या ठरवलं." ती अजून आतच आहे. हे लिहीपर्यंत बाहेर आलेली नाही.

म्हणून, कलम ६ मधला प्लॉट थावराला देण्याचा भाग रद्द. प्लॉट शीतलच्या नावे जाईल. त्या कलमातली बाकी हकीकत रद्द नाही. ती अक्षर न् अक्षर तशीच राहील, आणि ज्याला हवी त्याला वाचून दाखवावी.

कलम ८. बँकॉकची लढत भरवणाऱ्या मालकाला इथल्या एसटीडी बूथवरून आत्ताच फोन करून नाही म्हणून सांगितले. तो चिडला. फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखे वाटले नाही. पाय अजून वळवळतात, मूठ आपोआप वळते. असा बिनलढाईचा किती वर्षे जगेन सांगता येत नाही. त्यामुळे हे मृत्युपत्र एवढ्यात कामाला येणार नाही, असे गुरुजी म्हणतात. तरी ते पुरे करतो.

वरील सर्व मजकूर माझ्याच हातचा आहे, खाडाखोड माझीच आहे, आणि यापूर्वी मी असा कागद कधी केलेला नाही.

ठिकाण: वारंगा फाटा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
दिनांक: २२ मार्च २००९

सही: धम्मानंद जळबा पाईकराव

साक्षीदार १: विश्वंभर सोनाजी कदम, निवृत्त शिक्षक, डोंगरकडा. लिहून ठेवणाऱ्याने आम्हा दोघांसमोर सही केली. शुद्धलेखन तपासले आहे. बोलण्यातले शब्द त्यांच्या सांगण्यावरून तसेच ठेवले.

साक्षीदार २: थावरा धर्मसिंग राठोड, हॉटेलवाला, वारंगा फाटा. सही डाव्या हाताची. याने माझ्यासमोर सही केली. याला नाव लिहाया लय येळ लागला. त्याचं व्हईस्तोर मी थांबलो.