मुलींच्या संघाची किंमत

जनाबिया, बहरीन

प्रिय इरा,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. आमच्या ऑफिसातला जयेश बहिणीच्या लग्नासाठी साताऱ्याला निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि खजुराचा डबा पाठवतेय. खजूर तू आळीभर वाटून टाकशील, ओळखते मी तुला. निदान चार तरी स्वतः खा. आणि तुझं काम झालंय, हे आधी सांगून टाकते. इथल्या शाळेला खेळाच्या बाई हव्या आहेत, प्रिन्सिपल तुझ्यावर खूश आहेत, तू हो म्हटलंस की व्हिसाचं सुरू होईल. तुमच्या संस्थेची मंडळी मैदानावर लग्नाचं लॉन काढायला निघालीत, खेळ विभागाला पांढरा हत्ती म्हणतात, आणि तू राजीनामा पर्समध्ये घालून फिरतेस, हे सगळं तुझ्या रडक्या व्हॉइस मेसेजमधून कळलं. पण हो म्हणण्याआधी एवढं वाच बाई, आणि क्रमाने वाच. शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड इथे चालायची नाही.

योगायोग बघ कसा. गेले दोन महिने मी इथल्या एका खासगी कॉलेजच्या खेळांची किंमत काढत होते. हसू नकोस! कॉलेजच्या खो-खो संघात मी कायम राखीव, तुमच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळणारी, आणि आता म्हणे मी खेळांचं मूल्यांकन करणार. कॉलेज विकत घेणाऱ्यांना प्रत्येक संघ पैशाच्या दृष्टीने केवढ्याचा आहे ते हवं होतं. परवडेल तो ठेवायचा, बाकीचे खलास. रीत तशी सोपी असते. तिकिटं, जाहिरातींचे फलक, हॉलचं भाडं असं येतं किती, प्रशिक्षक आणि प्रवासावर जातं किती, आणि पुढची काही वर्षं हे असंच चाललं तर त्याची आजची किंमत काय. मुलांचा फुटबॉल या हिशोबात छान बसला. मुलींच्या हँडबॉलला मात्र खर्चच खर्च. नाझिश नावाची त्यांची प्रशिक्षक, हॉलचा एसी, सरावानंतर मुलींना घरोघरी सोडणारी बस, आणि समोरच्या रकान्यात काही नाही.

प्रेक्षक मोजायला मी जयेशला पाठवलं होतं. त्याने अहवालात लिहिलं, प्रेक्षक नाहीत. आम्ही ऑफिसात म्हणालोसुद्धा, पब्लिक मफी, म्हणजे संघही मफी. इथे ‘नाही’ला सगळे मफीच म्हणतात. सीफ भागातल्या आमच्या चकाचक इमारतीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर उंटही आहेत. मी मसुद्यात संघ बंद करण्याची शिफारस टाकली आणि नाझिशची एका कागदावर सही राहिली होती म्हणून संध्याकाळी कॉलेजात गेले. तर सामना चालू! बाहेर गाड्यांची रांग, गाड्यांत बाप आणि भाऊ मोबाइल बघत बसलेले, आणि दारावर पाटी, आत फक्त महिलांना प्रवेश. मी कपाळाला हात लावला. आमचा जयेश लाजाळू, दारावरच्या बाईंनी थांबवल्यावर बिचारा कोणाला काही न विचारता पार्किंगमध्ये उभा राहिला, आणि त्याला प्रेक्षक दिसले नाहीत म्हणून नाहीत असं लिहून मोकळा झाला. आणि मी बाईमाणूस, पण मलाही एकदा स्वतः जावंसं वाटलं नाही.

आत काय गर्दी होती सांगू! आया, मावश्या, आज्या, कडेवर पोरं. कोणी ढोलकं बडवतंय, कोणी कॉफीचे इवलेसे कप फिरवतंय, आणि नातीने गोल केला की एक आजी जिभेने असा काही चीत्कार काढायची की माझ्या अंगावर काटा यायचा. या बायकांमध्ये महमुदा ऐसपैस बसलेली. ही कॉलेजच्या प्रवेशाचं काम बघते. ती मला हिंदीत म्हणाली की तिचं खरं ऑफिस हेच. मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं ते घरोघरी या बायका ठरवतात, आणि त्या इथे येऊन नाझिशला बघतात, बस बघतात, हॉल बघतात. खेळणाऱ्या एका मुलीमागे तिची बहीण येते, मामेबहीण येते, शेजारीण येते, ज्यांनी चेंडूला कधी हात लावलेला नाही. आणि फी सगळ्याच भरतात.

इरा, मला तिथल्या तिथे तू आठवलीस. खरंच डोळ्यांत पाणी आलं, त्या आजीने मला कॉफी पाजली.

मग मी आणि जयेशने सगळं नव्याने मांडलं. कोणती मुलगी कोणामुळे आली हे महमुदाने सांगितलं, आम्ही आयांना फोन करून खात्री केली, आणि संघ नसता तर यांतल्या किती आल्या असत्या त्या प्रामाणिकपणे वजा केल्या. तरी हँडबॉल फुटबॉलच्या पुढे गेला. आमचे साहेब ताहिर आधी हसले, मग चष्मा लावून ओळ न् ओळ तपासली, दोन ठिकाणी मला झापलं, तेवढा आकडा खाली आला, आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणून सही केली. संघ राहिला. नाझिशने माझ्या हाताला मेंदी काढून दिली आहे, ऑफिसात मिरवतेय.

आता तुझ्याकडे येते. संस्थेने तुझ्याकडे विभागाचा जमाखर्च मागितला आणि तू चेंडू, जाळी आणि प्रवासभत्ता लिहून दिलास. वेडी आहेस का गं? नदीपलीकडे याहून मोठं कॉलेज असताना डोंगरातल्या वाड्यांमधून मुली तुमच्याकडे का येतात? इरावतीबाई आहेत, त्या अंधार पडायच्या आत एसटीत बसवून देतात, म्हणून. तुझ्या संघातली मथुरा पोलिसात भरती झाली, त्यानंतर तिच्या वाडीतल्या किती पोरींनी तुमच्याकडे नाव घातलं, ते कोणी मोजलंय? ते मोजायचं आहे. ऑफिसातून नाही, वाड्यांमध्ये जाऊन, आयांसमोर बसून.

म्हणून मी रजा टाकली आहे. मैदानाचा निर्णय ज्या सभेत होणार आहे, त्या तुमच्या संस्थेच्या सभेच्या आधी पंधरा दिवस येतेय, तुझ्या स्कूटीवर मागे बसून हिंडणार आहे, आणि सभेत चेअरमनांपुढे मीच उभी राहणार आहे. परदेशातून आलेल्या बाईचं ऐकतात आपल्याकडे, त्याचा एकदा तरी उपयोग होऊ दे. इथल्या शाळेच्या प्रिन्सिपलना सभा होईपर्यंत थांबायला सांगितलंय, ते तयार आहेत. आपण हरलो तर तू माझ्याबरोबर विमानात बसायचंस, पण तोवर त्या राजीनाम्याला हात लावायचा नाही.

हे सगळं फोनवर का नाही सांगितलं, तेही सांगते. इथे माझं छान चाललंय गं. काम आवडतं, शुक्रवारी समुद्रावर फिरते, कशाची म्हणून तक्रार नाही. पण तुझा मेसेज आला त्याच दिवशी मी शेजारची खोली झाडून, पडदे लावून ठेवली. तू आणि मी पुन्हा एका घरात, सकाळचा चहा एकत्र, एवढं सुख मी गेली कित्येक वर्षं मागितलंसुद्धा नव्हतं. जगात तू इथे यावीस असं सगळ्यात जास्त कोणाला वाटत असेल तर ते मला. फोनवर तू रडली असतीस आणि माझ्या तोंडून एकच शब्द निघाला असता, ये. म्हणून लिहिलं. येऊ नकोस, इरा. मी येते.

कायम तुझ्याच बाजूने खेळणारी, तुझीच
उल्का