विसूची थुंकी आणि माझी

चिरंजीव विसूस,

मैसूरहून अक्काचे अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे. सुयशचं हूटगळ्ळीतलं घर हवेशीर आहे, लेकाने दारात चाफाही लावलाय. तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का?

फोनवर हे बोलता येत नाही रे. मला कमी ऐकू येतं म्हणून पोरं स्पीकर लावतात, सारं घर ऐकतं.

नात स्पृहाने घराण्याचं मूळ शोधायला थुंकीची तपासणी मागवलीय. म्हणाली, "आजी, एक तपासणी नुसती बापाच्या वंशाची, ती पुरुषांचीच होते. एक नुसती आईकडची. मी सगळ्या नात्यांची घेतली. तू नि विसूआजोबा सख्खे, लगेच जुळेल बघ!"

मी आधी पान तोंडात घातलं. आईने मला परक्याची तान्ही पोर म्हणून पदरात घेतलं, हे आता तुझ्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? सुयशलासुद्धा नाही.

पण हसू नकोस, मला आनंदही झालाय. म्हणे यात अनोळखी नातलगही सापडतात. हे फेंदारं नाक कुणाकडून आलं ते या वयात तरी कळेल!

थुंकी भरून पाठवायची तुझी नळी शुक्रवारी पोचेल. फोन करून नुसतं हो किंवा नको म्हण. नको म्हणालास तर मी तोंडातलं पान काढणारच नाही. खाल्ल्या तोंडाची थुंकी त्यांना चालत नाही, नि मला पान सुटत नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

काहीही निघालं तरी तुझीच,
अक्का