दही नको, काजूच वाट

दादा,

पहाटे पाच चाळीसला वॉर्डातून नर्सचा फोन आला. आईने रात्रीही काही घेतलं नाही. मी निघतेय, तुला उठवलं नाही.

ओट्यावर काजू भिजवलेत. त्यातलं पाणी टाकून दे. लिंबू, मीठ, लसणाची अर्धी पाकळी आणि चार चमचे ताजं पाणी घालून मिक्सरमधून लोण्यासारखं वाट. कण राहिला तर तिला ठसका लागतो. पूर्वी ती हे सॅलडवर घ्यायची, आता नुसतंच चमच्याने दे.

दही घालू नकोस. परवा तू घातलंस आणि म्हणालास, "दाटपणा येतो, तिला काय कळतंय!" तिला कळलं. तू पार्किंगमध्ये गेल्यावर तिने तोंडातला घास माझ्या रुमालात काढला. "त्याला बोलू नकोस गं, हौसेनं केलंय," म्हणाली.

तिचं दूध-दह्याचं पथ्य काल डॉक्टरांनी उठवलं. मागेल ते द्या, म्हणाले. हे तुला रात्री सांगायचं होतं, जमलं नाही. तरी तिच्या सवयीचं काजूचंच आण.

आत्ता सहा वाजता मी वॉर्डात पुन्हा फोन केला. ती जागी आहे, पण पाण्याचा चमचाही तोंडात घेत नाही.

धाकटी