तांदळाच्या पापडाचे छत

प्रतापनगर, नागपूर
शनिवार, दि. ६ जून १९८७

ती. यमुताईस,

धाकट्या मधुसूदनचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आनंदराव भावजींचा खोकला बसला का? इकडे सर्व खुशाल आहे असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. तसे काही नाही. माझी नोकरी बहुधा परवा सोमवारी जाणार आहे, आणि त्यात तुझ्या पापडाचाही हात आहे.

आमच्या इमारतींच्या नकाशांच्या ऑफिसात गणपतराव साहेबांनी कॉम्प्युटर आणला, हे तुला ठाऊकच आहे. (त्याला वेगळी खोली, एसी, आणि आत जाताना चपला बाहेर. मी बावीस उन्हाळे त्याच ऑफिसात पंख्याखाली काढले, मला कोणी पाणीही विचारले नाही.) तेव्हापासून साहेब माझ्या ड्रॉइंग बोर्डाकडे अडगळीतल्या खाटेकडे पाहावे तसे पाहतात. अशात हिंगण्याचे कारखानदार ताराचंदजी आले. त्यांना कँटीनवर असे छत हवे, जे घुमट नाही, उतरते नाही, पण कुठूनही कसेही वाकलेले आहे. कॉम्प्युटरवर बसणारी देवकी हुशार मुलगी आहे, पण तिच्या यंत्राला आकडे दिल्याशिवाय वाक कळत नाही, आणि आकडे काढायला आधी वाक तर हवा! तीन दिवस साहेब नुसते कागद चुरगाळून टेबलावर ठेवत होते. चौथ्या दिवशी मी डबा उघडला आणि साहेब ओरडले, "थांब गा मधुसूदन! खाऊ नको त्याले! हेच तं छत आहे!"

तो तुझा तांदळाचा पापड होता. तुझे पापड उन्हातच वाकतात, भाजल्यावर तर विचारायलाच नको. (गेल्या वर्षी मी त्यांना काय म्हणालो होतो, ते इथे नको.) मग पापड आलेखाच्या कागदावर ठेवला, वर दोऱ्यांची जाळी ताणली. एकेका चौकटीत सुई सोडून मी उंची मोजायची आणि देवकीने ती यंत्रात घालायची. अशा चारशे चौकटी! साहेब म्हणाले, "सोमवारी जमलं नाही तं घरीच आराम कर आता." तीनशे बावन्न चौकटी झाल्या आणि काल दुपारी पापडाचा एक कोपरा नाहीसा झाला. उंदराने नेला, असे मी साहेबांना सांगितले. पिंजरा आला, देवकी पाय खुर्चीवर घेऊन बसते, आणि मला कालपासून घास उतरत नाही. ताई, या वयात मला दुसरे कोण ठेवणार?

मागायचे काही नाही, फक्त मन मोकळे केले.

तुझा,
मधुसूदन

ता. क. : उंदीर नव्हता, मीच होतो. डोक्यात आकडे, समोर वरणभात, डाव्या हाताशी पापड. हात आपसूक गेला. कुरकुर आवाज झाला तेव्हा कळले. (मीठ अगदी बेताचे होते.) घरी तुझ्या भावजयीला, सुभद्रेला, सांगितलेले नाही, तूही सांगू नकोस.

ता. क. दुसरा, सोमवार संध्याकाळ : पत्र टाकायचे राहिले ते बरेच झाले. राहिलेल्या चौकटींत देवकीने शून्य घातले, त्यामुळे छताचा तो कोपरा थेट जमिनीला टेकला. मी डोळे मिटून घेतले. ताराचंदजींनी यंत्राच्या पडद्याला नाक लावून पाहिले, मग म्हणाले, "हा कोपरा एक नंबर आहे! याले हात लावू नका." साहेब लगेच म्हणाले, कल्पना माझीच. नोकरी राहिली. पण आता गोदामावरही तसलेच छत हवे आहे, पंधरा दिवसांत, आणि घरचे पापड संपले. तेव्हा पाऊस यायच्या आत दोन डझन पाठव.

ता. क. तिसरा : भावजींचे कार्ड आत्ताच मिळाले. मी वाकडे म्हटल्यापासून तू या वर्षी सगळे पापड पाटाखाली दाबून वाळवते आहेस म्हणे. ताई, चुकलो. पाट उचल.