मंदा विमान आणि त्यातल्या एका बटणाची व्यवस्था

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा विमान उडवायला शिकवणे (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या पेनाने, लिहिते, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना माझ्या डोक्याबद्दल पूर्वीपासूनच शंका आहे त्यांचे दाखल्याने समाधान होणार नाही, आणि ते करण्याचा माझा इरादाही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. चार वेळा लिहायला घेतले आणि चारही वेळा कलम पाचपाशी येऊन फाडले. नुसते घर वाटायला एवढा खटाटोप लागला नसता, मुलगा एकच आहे. हे मी माझ्या दिरांसाठी लिहीत आहे. एकतीस वर्षांपूर्वी माझ्यामुळे त्यांचे नाव खराब झाले, ते मला साफ करून द्यायचे आहे.

कलम एक. राहते घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर, गच्ची आणि खालची खोली, माझ्या मुलाला मिळावे. खालच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या बाई भाड्याने राहतात. त्यांना काढू नये. त्यांचे मशीन सकाळी सातला सुरू होते आणि त्या आवाजावर माझा दिवस चालतो. मुलगा कुरकुर करील. त्याला लिफ्टमध्येही गरगरते. चार वर्षांचा असताना मी त्याला एकदा विमानातून उलटे करून आणले होते, त्याचा राग त्याने अजून जपून ठेवला आहे. बाळा, तेव्हा माझे चुकले. घर घे आणि राग सोड.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते मुलगा आणि सून यांनी निम्मे निम्मे घ्यावे. सोन्याच्या चार बांगड्या मात्र एकट्या सुनेला. हातात काही घालून विमान उडवू नये हा माझा नियम, त्यामुळे त्या नव्यासारख्या आहेत. ती शहाणी आहे, ती घालील.

कलम तीन. शिकवण्याचे सामान. वीतभर लांबीचे लाकडी विमान, जे हातात धरून मी जमिनीवर लूप (हवेत उभा गोल घेणे) आणि रोल (कुशीवरून पूर्ण वळणे) समजावत असे, ते फ्लाइंग क्लबच्या वर्गात ठेवावे. त्याचा उजवा पंख डिंकाने चिकटवलेला आहे, तो धरून उचलू नये. स्टॉपवॉच ज्याला हवे त्याने न्यावे. माझी खाकी टोपी क्लबच्या अध्यक्षांना द्यावी. ते माझे विद्यार्थी होते आणि या टोपीत त्यांनी तीन वेळा ओकारी केलेली आहे. मला स्पिनमधून, म्हणजे गरगरत खाली पडणाऱ्या विमानातून, बाहेर यायला आपणच शिकवले असे ते हल्ली पाहुण्यांना सांगतात. टोपी धुतलेली आहे.

कलम चार. विमान. माझ्या मालकीचे दोन सीटांचे शिकाऊ विमान, इंजिन शंभर हॉर्सपॉवर, हाक मारायचे नाव मंदा, हे माझ्या दिरांना मिळावे. हँगर म्हणजे तिची शेड, सुटे भाग आणि झाकायची ताडपत्रीही त्यांचीच. मंदा हे नाव त्यांनीच ठेवले. ती क्लबची असताना पहिल्यांदा धावपट्टीवरून उठली तेव्हा ते घड्याळ लावून उभे होते. मी उतरल्यावर म्हणाले, "वहिनी, मधल्या वेळात मी चहा पिऊन आलो." पुढे क्लबने ती काढून टाकली तेव्हा मी विकत घेतली.

ती पुढे जो कोणी उडवील त्याच्यासाठी सूचना. मंदाच्या अंगात जोर नाही. तीन हजार फूट चढायला ती दहा मिनिटे घेते आणि ते तीन हजार फूट आपण दोन मिनिटांत उधळतो. म्हणून लूप करायचा तर आधी नाक खाली घालून वेग जमवायचा, पुरता जमला की मगच दांडा पोटाकडे ओढायचा, आणि तेही पिठात पाणी घालतो तसे, अंदाज घेत. उलटे झाल्यावर इंजिन खोकते, घाबरू नये. माथ्यावरून खाली येताना थ्रॉटल मागे घ्यावा, म्हणजे इंजिनचा जोर कमी करावा. वेग कमी असताना लूपला हात घालू नये, "होईल की" म्हणून तर अजिबातच नाही. दणकट विमानात आपली चूक इंजिन झाकून घेते. मंदा काही झाकत नाही, म्हणून तिच्यावर शिकलेली पोरे पुढे कुठेही उडवू शकतात.

आता एका यंत्राबद्दल. समोरच्या फळीवर उजवीकडे एक घड्याळासारखी तबकडी आहे. आपण विमान ओढले की अंगाचे वजन वाढते. ते किती पट झाले हे तिचा काटा दाखवतो. सरळ उडताना एक, चांगल्या लूपला साडेतीन. सहावर लाल रेघ आहे आणि तिच्यापुढे पंखाला इजा होते. उड्डाणात काटा जिथवर गेला तिथेच अडकून राहतो, म्हणजे उतरल्यावर मेकॅनिकला कळते. काट्याशेजारच्या बटणाने तो परत एकावर येतो. ते बटण उडवणाऱ्याने दाबायचे नाही. मेकॅनिक आकडा वाचतो, वहीत लिहितो आणि मग दाबतो. क्लबचा हा नियम माझ्या दिरांनी केला होता, तेव्हा क्लबचे मेकॅनिक तेच होते.

कलम पाच. ते बटण मी दाबले.

मी त्रेचाळीस वर्षांची होते. दोन दिवसांनी मुख्य प्रशिक्षकाच्या जागेची परीक्षा होती. त्या जागेवर आधी कुणी बाई बसलेली नव्हती आणि मी कधी चुकते याची वाट बघत अर्धा क्लब बसला होता. सरावाला एकटीच मंदाला घेऊन वर गेले. शेवटचा लूप बाकी होता आणि उंची थोडी राहिली होती. परत चढायला दहा मिनिटे लागली असती. मी म्हटले, होईल की. वेग न जमवताच ओढले. माथ्यावर मंदा उलटी थांबली आणि तिथून नाकावर पडली. मी घाबरले होते, थ्रॉटल मागे घ्यायला विसरले. वेग त्याच्या तबकडीवरच्या लाल रेघेच्या पार गेला, खाली शेते मोठी व्हायला लागली आणि मी दोन्ही हातांनी ओढले. सरळ झाल्यावर काट्याकडे पाहिले. तो सव्वासातवर होता. उतरले, इंजिन बंद केले, आजूबाजूला कुणी नव्हते. मी बटण दाबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींना पंखाच्या मुळापाशी पत्र्याला सुरकुती दिसली. त्यांनी मंदाला तिथल्या तिथे थांबवले. त्यांनी थांबवले नसते तर पुढचे पोर त्या पंखावर वर गेले असते. क्लबच्या कमिटीने वहीत पाहिले, काटा किती होता? एक. मग विमान ओढले गेले नाही, कामच वाईट होते. तो पत्रा चारच महिन्यांपूर्वी भाऊजींनी बदलला होता. पत्रा जोडणारे रिव्हेट नीट बसवले नाहीत, असा निकाल झाला. त्यांचा परवाना वर्षभर अडकला, नंतर कुणी कामावर घेतले नाही. त्यांनी पंप आणि मिक्सर दुरुस्तीचे दुकान टाकले, ते अजून आहे.

मी दुसऱ्या विमानावर परीक्षा पास झाले.

लूप करून आलेल्या विमानाचा काटा एकावर असूच शकत नाही. निदान साडेतीनवर तरी हवा. कमिटीतल्या कुणाच्या हे डोक्यात आले नाही, भाऊजींच्या आले. सुरकुती दिसली त्याच संध्याकाळी ते आमच्या स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "वहिनी, काटा एकावर होता."

मी म्हटले, "मग?"

"काही नाही. चहा ठेवा."

त्यानंतर त्यांनी हा विषय कधीही काढला नाही. माझे यजमान, म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, जेवताना म्हणाले, "त्याचा हातच आता स्थिर राहिला नाही." मी वाढत राहिले. भावाने कुटुंबाला मान खाली घालायला लावली म्हणून त्यांनी भाऊजींच्या घरी जाणे सोडले. जाऊबाईंनी आमच्याकडे येणे सोडले. यजमान वारले त्याला अकरा वर्षे झाली. शेवटच्या आजारात ते म्हणाले, "धाकट्याला बोलावू का?" आणि लगेच म्हणाले, "जाऊ दे." मी तेव्हाही बोलले नाही. बटण एकदाच दाबले होते, गप्प बसणे मात्र रोजचे होते, आणि मला जास्त लाज त्याची वाटते.

भाऊजींची मुलगी, माझी पुतणी, दोन घरांचे येणे-जाणे बंद असतानाही क्लबमध्ये माझ्याकडेच उडवायला शिकली आणि आता क्लबमध्ये शिकवते. ती मला काकू म्हणते आणि विद्यार्थ्यांपुढे माझी वाक्ये जशीच्या तशी फेकते. हे वाचून ती मला काकू म्हणायची थांबेल. मला ते सोसणार नाही, पण तिचा तो हक्क आहे.

माझ्यामागे हे कलम क्लबच्या सभेत मोठ्याने वाचावे आणि जुन्या वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

कलम सहा. (हे आज, सह्यांच्या वेळी, वाढवले.) सकाळी वकीलबाई आणि साक्षीदार म्हणून शिवणकामाच्या बाई आल्या. दुसरे साक्षीदार डॉक्टर यायचे होते. भाऊजींना मी फक्त हँगरच्या किल्ल्या द्यायला बोलावले होते. कागद टेबलावर होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि वाचायला बसले. मी अडवले नाही. कलम पाच त्यांनी दोनदा वाचले.

मी विचारले, "भाऊजी, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"तुमची परीक्षा उद्यावर आली होती. म्हटलं, परीक्षा झाली की वहिनी सांगतील." मग पान उलटत म्हणाले, "पुढे वाट बघायची सवय झाली."

मला रडू आले, ते त्यांनी येऊ दिले. मग कागदावर बोट ठेवून म्हणाले, "माझ्यामागे म्हणजे काय? मी सत्त्याहत्तरचा आहे. तुम्ही मेल्यावर ऐकायला मी असेन कशावरून?" पेन हातात घेऊन म्हणाले, "डॉक्टरांना येऊ नका म्हणून सांगा. साक्षीला मी बसतो."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्ष केलीत तर तुम्हाला यातलं काही मिळणार नाही. कायदा तसा आहे. विमान जाईल."

"जाऊ दे. विमान पोरीला द्या. तेव्हा कमिटीने मला साक्षीला बोलावलं नव्हतं."

म्हणून कलम चार आणि पाच यांत पुढीलप्रमाणे बदल करते. मंदा माझ्या पुतणीला मिळावी, तिने घेतली तर. आणि कलम पाच माझ्यामागे वाचायचे नाही. येत्या रविवारी क्लबच्या सभेत ते मी स्वतः, उभी राहून, वाचणार आहे. पुतणीला त्याआधी, आज दुपारी, तिच्या घरी जाऊन सांगणार आहे. भाऊजी बरोबर येतो म्हणाले. मी नको म्हटले आहे.

हे सर्व मी वाचले, मला मान्य आहे, आणि खाली नाव दिलेल्या दोघांच्या देखत सही केली आहे.

ठिकाण: माझ्या घरचे जेवणाचे टेबल
दिनांक: बारा जून, गुरुवार, सकाळी साडेअकरा
सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिला
सही: (शिवणकाम करणाऱ्या बाई)
नाते: भाडेकरू
व्यवसाय: शिवणकाम

साक्षीदार दुसरा
सही: (दीर)
नाते: दीर
व्यवसाय: ~~पंप व मिक्सर दुरुस्ती~~ विमानाचा मेकॅनिक

(दुसऱ्या साक्षीदाराच्या व्यवसायातील खाडाखोड त्यांनी स्वतः, आमच्या समक्ष केली आहे. ती ग्राह्य धरावी. — वकील)