आई, थांबा!

४ सप्टेंबर, सोमवार

भिंगरी पुन्हा चावली. या वेळी शेजारच्या बाकावरच्या मुलीला, दंडाला. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. आवाज गोड, पण बोलणं सरळ — ‘सहामाहीच्या सुट्टीपर्यंत बघू. नाहीच जमलं तर तुम्हाला दुसरी शाळा बघावी लागेल.’ पाच वर्षांची पोर! आधीच्या बालवाडीनंही असंच हात जोडून घरी पाठवलं होतं.

भिंगरीला म्हणे मदतीला एक ताई देणार. वर्गात तिच्याजवळ बसणार आणि दर गुरुवारी संध्याकाळी घरी येणार. हे लगेच ‘हो, हो, जरूर’ म्हणून मोकळे झाले. मला कुणी विचारलंच नाही. मी आई आहे, एवढंच.

७ सप्टेंबर, गुरुवार

आल्या ताईसाहेब. वय असेल पंचवीस. लग्न नाही, मूल नाही. खांद्याला भलीमोठी झोळी. आल्या आल्या फरशीवर बसकण मारली, भिंगरीसमोर. आणि आमचं हे ध्यान, जे मावशीलासुद्धा अंगाला हात लावू देत नाही, ते पाच मिनिटांत तिच्या मांडीला टेकून!

‘आई, तुम्हीही बसा ना,’ म्हणाली. तिची आई नाही मी.

म्हटलं, ‘पडदे शिवून द्यायचेत उद्या.’ आतल्या खोलीत जाऊन मशीन सुरू केलं. हे मात्र बसले मांडी घालून, शहाण्या मुलासारखे.

८ सप्टेंबर, शुक्रवार

ताई असं म्हणते. ताई तसं म्हणते. सकाळपासून कान किटले.

१४ सप्टेंबर, गुरुवार

दार लोटलेलं होतं. पलीकडे खुसुखुसु, मग भिंगरीचं हसू. असं पोट धरून ती माझ्यासमोर शेवटची कधी हसली, आठवून पाहिलं. आठवेना. पडदे दुपारीच संपले होते, पण बाहेर जायला पाय उचलेना. मग मशीनमध्ये दोरा न ओवताच पाय मारत बसले. घर्र घर्र. कोणाला कळणार!

नंतर हे आत आले. ‘अगं, पुढच्या वेळी ये तू. फार सोप्या सोप्या गोष्टी सांगते ती.’

‘सोप्याच असणार. तासाभराने घरी जाते ना ती.’

आल्या पावली परत गेले. काही सांगायला आले होते बहुतेक, ते राहूनच गेलं. राहू दे.

१६ सप्टेंबर, शनिवार

आठवडाभर एकही तक्रार नाही. बाईंनी ह्यांना फाटकाशी थांबवून सांगितलं — ताईंनी जादूच केली! हे घरी येऊन तेच वाक्य दोनदा म्हणाले.

रात्र रात्र मांडीवर घेऊन बसले ती मी. दुकानात जमिनीवर लोळली तेव्हा लोकांचे टोमणे ऐकले ते मी. आणि जादू केली कोणी? झोळीवालीनं! पोटात दुखतंय माझ्या. हो, दुखतंय. इथे तरी खरं लिहू दे. मुलगी सुधारतेय याचा आनंद व्हायला हवा, आणि मी मनात म्हणते, माझ्या हातून का नाही सुधारली?

१८ सप्टेंबर, सोमवार



बटणांचा डबा उपडा केला भिंगरीनं. सगळी बटणं पलंगाखाली, कपाटाखाली. गिऱ्हाईक दारात यायच्या बेतात. मी ओरडले — अशी ओरडले की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. हातही उगारला होता. तर ही ताठ उभी राहिली, बोट माझ्यावर रोखलं आणि म्हणाली, ‘आई, थांबा!’

थांबा! मला! जन्मात कधी तिनं मला अहो-जाहो केलं नाही. त्या ताईला बिनदिक्कत ‘ए ताई, तू बस ना’ आणि आईला ‘थांबा’! दारावर आलेल्या विक्रेत्याला म्हणावं तसं. तेवढ्यावर थांबली नाही. दोन्ही हातांनी मला ढकलायला लागली, थेट दाराकडे. ‘थांबा! थांबा!’ घराबाहेरच काढत होती मला.

तळपायाची आग मस्तकात गेली. दाराजवळच्या चपलांच्या स्टँडपाशी पिवळ्या पडद्याची एक चिंधी पडली होती. माझ्याच कापडातली, कोणी आणून टाकली होती देव जाणे. ती उचलली, केराच्या डब्यात टाकली आणि तो डबा तरातरा खाली ठेवून आले.

१९ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी कचरा गेला. भिंगरी चपलांच्या स्टँडपाशी बसून आहे. काय शोधतेस, विचारलं. फरशीवरून हात फिरवत राहिली. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज भिंगरी ताईला चावली.

आणि मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. बघ म्हटलं, तुलाही चावते!

झालं असं — ताई येताच भिंगरी तिला ओढत चपलांच्या स्टँडकडे घेऊन गेली, रिकाम्या फरशीकडे बोट दाखवून किंचाळायला लागली. ताईनं जवळ घेतलं तर कचकन मनगटालाच!

ताई स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून उभी राहिली. चांगले दात उमटले होते. मी टॉवेल दिला. म्हणाली, ‘तिचा थांबा कुठे गेला हो?’

‘कसला थांबा?’

‘पिवळा कपडा. बसथांबा तो तिचा. राग आला की त्याच्यावर जाऊन उभं राहायचं. रागाची बस येते, आपण चढायचं नाही. ती गेली की उतरायचं. वर्गातही आहे, खडूनं आखलेला.’ मग हात पुसून टॉवेल परत देत, ‘मी रबरी चटई आणली होती. पहिल्याच दिवशी. तिनं भिरकावली. म्हणाली, आईच्या पडद्याचाच पाहिजे. तुम्ही आत मशीनवर होतात.’

मी टॉवेलची घडी घालत राहिले. म्हणजे सोमवारी पोर मला अहो-जाहो करत नव्हती. हाकलतही नव्हती. माझा राग बघून मला थांब्यावर नेत होती! आणि मी तोच उचलून...

‘आजचं मला शाळेत सांगावं लागेल,’ ताई म्हणाली.  शाळा गेली तर? माझ्यामुळे?

२२ सप्टेंबर, शुक्रवार

शाळा उघडायच्या आधीच भिंगरीला घेऊन जाऊन उभी राहिले. मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं — चिंधी समजून मी टाकली, रागाने टाकली, चूक तिची नाही. ताई शेजारीच होती. लांब बाह्यांचा सदरा घालून आली होती, मनगट झाकायला. ‘तिला अजून वेळ द्या,’ म्हणाली, माझ्याआधी.

सुट्टीपर्यंत ठेवतील. एकच अट, गुरुवारी मीही बसायचं.

बाहेर आल्यावर भिंगरी धावत जाऊन त्याच मनगटाला बिलगली. मला पुन्हा झोंबलं! इतकं सगळं होऊनही. निर्लज्ज आहे मी.

२४ सप्टेंबर, रविवार

पिवळ्या पडद्याचं उरलेलं कापड पुन्हा काढलं. दोन तुकडे कापले, एक लहान, एक मोठा, काठ दुमडून नीट शिवले. या वेळी दोरा घालून. भिंगरी शेजारी बसून बघत होती. मी लहान बाजूला ठेवला, मोठा तिच्या हातात दिला.

तिनं तो परत माझ्या मांडीवर ठेवला.

‘हा तुझा, आई. तुझी बस मोठी असते.’